उभा रुपया

"मग कमी काय हाय माझ्यात? तेवढं तरी सांगा उस्ताद!"

उस्तादांनी डोळे मिटले.

"गाडीचं टायमिंग लावावं तर सर्जेरावनं, असं सगळा घाट म्हणतोय. म्हणतोय का न्हाई?"

"म्हणतोय."

"मग?"

"कमी..." दस्तगीर उस्तादांनी बाजेवर पडल्या पडल्या कूस बदलली. "कमी काय न्हाई रं सर्ज्या."

आणि पुन्हा डोळे मिटले. आता याला काय म्हणावं? कमी आहे म्हणाले असते तर सर्जेराव भांडला असता. झालास तू म्हणाले असते तर पाया पडला असता. हा माणूस दोन्हीतलं एकही करू देत नव्हता.

खंडेनवमीची दुपार होती. करंजघाटाच्या पायथ्याचं ते गॅरेज सकाळीच धुऊन काढलं होतं. लाल फडक्यावर पाने, पकडी, हातोड्या ओळीनं निजवल्या होत्या. सर्जेरावानं एकेकीला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता, आणि उस्तादांनी आपल्या हातानं शेजारी लोभान लावला होता. मधोमध उस्तादांचा पितळी मुठीचा डिसमिस. स्क्रू फिरवून फिरवून त्याची मूठ अशी झिजली होती की उस्तादांच्या तळव्यात ती दिसायचीच नाही.

सर्जेरावाची नजर त्या डिसमिसावरून हलत नव्हती.

उद्या दसरा. उद्या वर, घाटमाथ्यावर, त्याच्या स्वतःच्या गॅरेजचा नारळ फुटायचा होता. पत्रे चढले होते, पाटी रंगवून झाली होती, बायकोनं आळीभर आवतण फिरवलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. या घाटातली रीत अशी, की उस्ताद आपल्या हत्यारांतलं एक हत्यार शागिर्दाच्या हाती देतो, तेव्हा तो मिस्त्री. ते न घेता जो गेला, तो कितीही हुशार असू दे, ड्रायव्हर लोक त्याच्या दारात गाडी लावताना एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पळून आलेला म्हणतात. जन्मभर म्हणतात.

"पाटी रंगवून झाली, उस्ताद."

"चांगलं हाय."

"आणि... हत्यार?"

"आज हत्यारं झोपल्यात." उस्ताद पुटपुटले. "झोपल्याल्याला हात लावू नये."

लोभानाचा धूर छपरापर्यंत जाऊन तिथंच घुटमळत होता. बाहेर डोंगरावरून ढग उतरत होते. उस्तादांना झोप लागली की काय, कळायला मार्ग नव्हता. हे असंच असायचं. माणूस झोपल्यासारखा दिसायचा आणि रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा कुठला व्हॉल्व गळतोय ते सांगायचा.

तेवढ्यात घाटाकडून शिदूमामाची जुनी बेडफर्ड आली. आली म्हणजे काय, इंजिन बंद, उतारावर गडगडत आली आणि गॅरेजच्या दारात धापा टाकत थांबली. रेडिएटरमधून वाफ निघत होती. मागं नारळाची पोती आणि गुळाच्या ढेपा जशाच्या तशा.

सर्जेराव उठून उभा राहिला. परवाच तर ही गाडी त्यानं लावून दिली होती!

परवाची गोष्ट अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. ठिणगी केव्हा पडायची ते टायमिंग, आणि ड्रायव्हरनं पाय काढल्यावर इंजिनानं किती हळू धडधडत राहायचं तो स्लो. ही दोन्ही सर्जेरावानं अशी काही लावली, की चालू इंजिनावर त्यानं आपला चांदीचा रुपया उभा केला. आजोबांचा रुपया, खिशात कायम असायचा. आडवा नव्हे, उभा! कडेवर! आणि तो उभा राहिला. पानवाला आला, शाळेचे मास्तर आले, एसटीचा कंडक्टर एसटी थांबवून आला. रुपया उभाच. कुणी तरी शिट्टी मारली. उस्ताद लांबून बघत होते. ते म्हणाले होते, "लई गोड हाय."

सर्जेराव तेवढेच शब्द दोन दिवस चघळत होता.

"काय झालं मामा?"

शिदूमामा स्टिअरिंग सोडून खाली उतरायलाच तयार नव्हता. उतरली ती हौसामामी, त्याची बायको. गाडीला क्लीनर नव्हता, तीच गेली कैक वर्षं शेजारी बसायची आणि चढावर गाडी थांबली की चाकामागं दगड टाकायची. तिनं उजव्या हाताला पदर गुंडाळला होता. पदर लाल झाला होता.

"काय झालं इचारतोस? पिंपळवळणावर गाडी खडखडाय लागली, डब्यात खडं घातल्यागत. ह्यांनी गिअर बदलाय पाय काढला, आन् गपकन बंद! गाडी मागं निघाली बाबा. म्या उडी मारली, दगुड लावला, तवर ह्ये बोट सापडलं." तिनं पदर सोडून दाखवलं. नख नव्हतंच. "तुझा रुपया उभा ऱ्हायला रं सर्जेराव. पर आमी आडवं झालो असतो की!"

सर्जेरावाच्या तोंडचं पाणी पळालं. मामीच्या मागं दरी होती, हे त्याला न सांगताही दिसलं. पिंपळवळणाला कठडा नाही.

त्यानं घागरीतलं पाणी आणलं, हळद आणली, चिंधी फाडली. खाली मान घालून तो बोट बांधू लागला. मामी म्हणाली, "आता रडतोस का काय?" तो रडतच होता.

मग त्याला राग आला. असं होतंच. लाज फार झाली की माणूस दुसरा कुणी सापडतो का बघतो.

"उस्ताद! तुमाला परवाच कळलं हुतं. हुतं ना? मग बोलला का न्हाई?"

उस्ताद बाजेवर उठून बसले.

"म्हणलो हुतो. भरून घाटात एक चक्कर मारून बग, म्हणलो हुतो."

सर्जेरावाला आठवलं. म्हणाले होते खरे. आणि तो सगळ्या बाजारादेखत हसून म्हणाला होता, माझ्या कानाला घाट लागत न्हाई उस्ताद.

"पर निस्तं म्हणलो," उस्ताद हळू म्हणाले. "उठून गेलो न्हाई. एवढी माझी चूक. चल, आज जाऊ."

"आता?"

"वरच्या गावाला उद्या जत्रा हाय. नारळ काय खाली फुटायचं?"

सर्जेराव लाल फडक्याकडे वळला. त्याचा हात पान्यापर्यंत गेला असेल नसेल...

"झोपल्यात म्हणलो न्हवं!"

"मग लावू कशानं?"

उस्तादांनी त्याचा हात धरला, उलटा करून बघितला आणि सोडून दिला.

खरं म्हणजे त्या जुन्या गाडीला पान्याची गरजही नव्हती. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बगलेला एक छोटी दातेरी चाकी होती, बोटांनी फिरायची. पुढं फिरवली की ठिणगी लवकर पडायची, मागं फिरवली की उशिरा. स्लो लावायच्या कार्बोरेटरच्या स्क्रूलाही तसंच खरबरीत डोकं होतं. सर्जेराव ते रोज बघायचा, पण डिसमिसाशिवाय हात लावणं त्याला अडाण्यासारखं वाटायचं.

रेडिएटर निवू दिला, पाणी भरलं. मग उस्ताद केबिनमध्ये चढून खिडकीपाशी बसले. मामी मधे बसली. आणि सर्जेराव?

"तू भाईर," उस्ताद म्हणाले.

बॉनेटची एक बाजू उघडी टाकली आणि सर्जेराव पुढच्या मडगार्डवर मांडी टाकून बसला. डावा हात दिव्याच्या दांड्याला, उजवा हात आत, त्या चाकीवर. लग्नातल्या घोड्यावरही तो इतका घट्ट बसला नव्हता.

"ऐक," उस्तादांनी खिडकीतून हात बाहेर काढला. बोटात लोखंडी अंगठी होती. तिनं त्यांनी दाराच्या पत्र्यावर वाजवलं. टक्. "ह्ये वाजलं की मागं ये."

"किती मागं?"

"एक दात."

"आणि पुढं कवा?"

उस्तादांनी शिदूमामाला निघायची खूण केली.

गाडी निघाली.

पहिल्या वळणाला ढग खाली आले आणि रस्ता दिसेनासा झाला. शिदूमामा दुसऱ्या गिअरात बैलगाडीच्या चालीनं चढवत होता. दोन्ही अंगांना सोनकी फुलली होती. धुक्यात ती पिवळी फुलं अधूनमधून जवळ येत आणि निघून जात. सर्जेरावाच्या हाताखाली इंजिन होतं, उबदार, आणि बाकी सगळं जग कुणी तरी पुसून टाकल्यासारखं झालं होतं.

इंजिनाचा आवाज गोडच होता. त्याचाच होता तो आवाज. परवा त्यानं तो शोधून काढला होता, रिकाम्या गाडीवर केसाकेसानं पुढं सरकत, जिथं इंजिन सगळ्यात मोकळं गातं तिथपर्यंत. त्या जागेवरून हलायचं म्हणजे...

टक्.

त्याला तर इंजिनात काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यानं चाकी एक दात मागं घेतली. आवाज जरासा उतरला.

चढ वाढला. आता त्यालाही ऐकू आलं, खूप आत, कुणी तरी नखानं वाजवावं तसं.

टक्.

आणखी मागं. चढ वाढत होता, नारळाची पोती मागं ओढत होती, आणि टक्... टक्... दर वेळी तो आपल्या त्या गोड जागेपासून एक पाऊल लांब येत होता. घर सोडून निघालेल्या पोरीसारखं त्याला वाटलं. मान वळवून बघत बघत निघालेली.

"स्लो बसतोय उस्ताद!" तो ओरडला. "मागं घेतलं की इंजिन पडाय लागतंय!"

"मग उचल की!" आतून मामीच ओरडली. "मला काय दुसरं बोट हाय व्हय द्यायला!"

त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू चिमटीत धरून फिरवला. तो खरबरीतपणा बोटांना लागला. इंजिन सावरलं, पण आता ते घशात खाकरल्यासारखं चालू लागलं. धड्-धड्... ध-धड्... असा आवाज घेऊन परवा बाजारात उभा राहिला असता, तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आता मात्र त्याला मामीचं बोट दिसत होतं.

धुकं दाट झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अंगावर दंव साचलं होतं. इंजिनाची ऊब, ती संथ चाल, तो पांढरा अंधार... सर्जेरावाला वाटलं, आपण वर जातच नाही आहोत, एका जागी तरंगतो आहोत, आणि डोंगरच हळूहळू खाली चालला आहे. लहानपणी आईच्या मांडीवर पडून जात्याची घरघर ऐकायचा, तेव्हा असंच व्हायचं. त्याचं मन निवलं. डिसमिस आठवला नाही, पाटी आठवली नाही.

मग समोर एकदम पिंपळ आला.

तेच वळण. रस्त्याच्या मधोमध मामीनं लावलेला दगड अजून तसाच पडला होता.

आणि इंजिनाच्या आत ते सुरू झालं. अगदी बारीक. खड्... खड्...

सर्जेरावानं कान टवकारले. आता टक् येईल. चाकीवर बोटं तयार ठेवली.

टक् आला नाही.

खड्... खड्...

तो वाट बघत राहिला. गाडी वळणात शिरली. उजवीकडे रस्ता संपत होता आणि पांढरं सुरू होत होतं. त्यानं मान वळवून काचेतून आत बघितलं.

उस्ताद झोपले होते! मान मागं टाकून, तोंड उघडं, अंगठीचा हात खिडकीबाहेर लोंबत. त्यांच्या खांद्याला टेकून मामीही झोपली होती. एकटा शिदूमामा जागा होता, आणि त्याचे डोळे सर्जेरावावर होते.

"उस्ताद!"

इंजिनापुढं त्याचा आवाज गेलाच नाही.

आता काय करायचं? उस्तादांना मागं यायचं असतं तर वाजवलं नसतं का? की झोपेत राहून गेलं? ही जागाच बरोबर असेल तर? आधीच आवाज इतका वाईट झाला होता. आणखी एक दात मागं म्हणजे त्याचं असं काहीच उरत नव्हतं त्यात. आणि चुकला तर... आत तिघं होते, आणि त्यातले दोघं त्याच्या भरवशावर झोपले होते.

खड्-खड्-खड्.

सर्जेरावानं डोळे मिटले. एक दात मागं आला.

खडखड थांबली.

मागोमाग, कुणी सांगितलं नसताना, त्यानं स्क्रू केसभर उचलला.

वळणाच्या ऐन उभ्या चढावर शिदूमामानं गिअर बदलायला पाय काढला. इंजिन खाली बसलं. बसत गेलं... धड्... ध... गाडी क्षणभर ना वर ना खाली, नुसती धुक्यात उभी...

...धड्. ध-धड्. धड्-धड्-धड्.

धरलं!

गाडी मामीच्या दगडाच्या बाजूनं सावकाश वर सरकली. सर्जेरावानं दिव्याच्या दांड्याला कपाळ टेकलं आणि तसाच बसून राहिला. त्याला फार बरं वाटत होतं, आणि हे कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं, याचंच त्याला नवल वाटत होतं.

घाटमाथ्यावर ढग खाली राहिले. ऊन होतं. रस्त्याकडेला त्याच्या नव्या गॅरेजचे पत्रे चमकत होते आणि पाटी कापडाखाली झाकलेली होती. शिदूमामानं गाडी नेमकी तिथंच उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. तो खाली उतरला, बॉनेटपाशी आला, कान देऊन ऐकत राहिला.

"लई काय गोड न्हाई," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "पर माझी हाय ही. जुनी. माझा बाप चालवायचा तवा अशीच वाजायची."

सर्जेरावाचा हात सवयीनं खिशात गेला. रुपया बाहेर आला. त्यानं तो इंजिनावर कडेवर धरला, हळूच बोट काढलं.

रुपया थरथरला आणि आडवा झाला.

त्यानं पुन्हा उभा केला नाही. मामीला जाग आली होती. ती खिडकीतून डोकावून म्हणाली, "पडला की रं तुझा रुपया."

"पडू दे मामी. बोट दुखतंय का?"

"दुखतंय तर. पर झोप लागली बग मला. ह्या घाटात कदी लागली नव्हती."

तो केबिनच्या दाराशी गेला. उस्ताद डोळे मिटूनच होते.

"उस्ताद... शेवटच्या वळणाला तुमी वाजवलं न्हाई."

"हं."

"झोपला हुता?"

"हं."

"म्या चुकलो असतो तर?"

खाली ढगांवर उन्हाचा पट्टा पडला होता, तिकडं त्यांनी तोंड फिरवलं.

सर्जेरावानं पाटीवरच्या कापडाकडे बघितलं. मग म्हणाला, "उद्या न्हाई उघडत मी, उस्ताद. तुमच्या हाताखाली अजून ऱ्हातो. कमी काय हाय ते आज दिसलं मला... लई हाय."

उस्तादांनी खिडकीतून हात पुढं केला. उतरायला आधार हवा असेल म्हणून सर्जेरावानं तो धरला. उस्तादांनी झटकून सोडवला आणि पुन्हा पुढं केला. तळवा वर, उघडा.

सर्जेरावाला कळायला वेळ लागला.

मग त्यानं इंजिनावरचा रुपया उचलला. तो तापला होता. आजोबांचा रुपया, बाजारभर मिरवलेला. त्यानं तो एकदा सदऱ्याला पुसला आणि उस्तादांच्या तळव्यात ठेवला. देताना जिवाला लागलं, पण हात मागं आला नाही.

उस्तादांनी मूठ मिटली. रुपया बंडीच्या आतल्या खिशात टाकला आणि मान पुन्हा मागं टेकली.

"उद्या पहाटं हत्यारं जागी हुतील," ते म्हणाले. "पितळी मुठीचा तेवढा तुझा तू उचल... मला उठवू नगंस."